भरायचे ४० रुपये

खानापुरात माझं मोबाईल रिपेअरीचं दुकान आहे. २०१६ ला जिओ आलं आणि कार्डात गाणी भरायचा धंदा बसला. आता सिनेमे भरून टीव्हीला लावायचे पेन ड्राईव्ह तेवढे येतात, तेही म्हाताऱ्या माणसांचे. यात कसब आहे हे कुणाला पटत नाही. जुना टीव्ही फॅट-३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेन ड्राईव्ह सोडून दुसरं वाचत नाही, आणि त्यात ४ जीबीवरची फाईल बसत नाही. मग सिनेमा बारीक करा, आवाजाचा फॉरमॅट बदला. नाहीतर पडद्यावर माणसं तोंड हलवतात नि आवाज नाही. माझ्याकडचा पेन ड्राईव्ह तक्रार घेऊन परत येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आमचे गुरुजी आले. सुट्ट्यात रुपया जास्त गेला तर उन्हातून परत आणून देणारा माणूस. पेन ड्राईव्ह दिला, ४० रुपये आगाऊ ठेवले. मी कॉपी लावली, तोवर त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकाची पीडीएफ परीक्षेवाल्या पोरांच्या ग्रुपवर फिरत होती. पानाच्या कडेला स्कॅन करणाऱ्याचा अंगठासुद्धा आलेला.

"अरे, घरात २०० प्रती पडून आहेत माझ्या!"

ॲडमिन त्यांचाच विद्यार्थी. मी फोन लावला. "पोरांपर्यंत पोचतंय की ओ. मी कुठं पैसे घेतोय?" मनापासून बोलत होता. दुकानातून पुस्तक उचललं तर फळीवर जागा मोकळी दिसते. पीडीएफ पाठवली तर कुणाच्या घरातलं काही हलत नाही. सिनेमाबद्दल गुरुजीही हेच म्हणायचे, वर रिचार्ज भरतोच की, असंही.

"कायदा काय म्हणतो, वाच."

मी मोठ्यानं वाचलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ : ६ महिने ते ३ वर्षं कैद, ५० हजार ते २ लाख दंड. गुरुजी मान डोलवत होते. पुढचं मात्र मी मनातच वाचलं. धंद्यात नफ्यासाठी केलं नसेल, तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं. म्हणजे ॲडमिनला सवलत मिळेल, गुरुजींनाही मिळेल. आणि मी? पैसे सिनेमाचे नाहीत, भरायच्या कष्टाचे, असं आजवर सगळ्यांना सांगत आलोय.

मागं स्क्रीनवर कॉपीची हिरवी पट्टी सरकत होती. गुरुजींची नजर तिकडं गेली. चष्मा काढून पुसला, "उद्या येतो" म्हणाले.

पेन ड्राईव्ह ड्रॉवरमध्ये आहे, ४० रुपयांसकट.