एकटीचे टेबल

माझी भाची गेल्या वर्षी जूनमध्ये नोकरीसाठी मुंबईत आली आणि पहिले दोन आठवडे तिने रात्रीचे जेवण खोलीवरच उरकले. कधी वडापाव, कधी दूध आणि बिस्किटे. पैशांची अडचण नव्हती. हॉटेलात एकटीने शिरायचे, वेटरने "किती जण?" असे विचारल्यावर "एकच" म्हणायचे आणि ताट समोर येईपर्यंत नजर कुठे ठेवायची, हे तिला कळत नव्हते. मी मिरजेहून या शहरात आले तेव्हा माझीही हीच अवस्था होती, त्यामुळे तिला समजावत बसण्याऐवजी मी तिला जागा दाखवायचे ठरवले. पुढच्या सहा-सात महिन्यांत आम्ही दोघी जिथे जिथे गेलो त्यांपैकी ज्या जागा एकट्या माणसाला, आणि मुख्य म्हणजे एकट्या बाईला, बिनदिक्कत बसू देतात, त्यांच्याविषयी हे लिहिते आहे.

सुरुवात माटुंग्यापासून केली, कारण तिथे एकटेपणाची सगळ्यांत कमी दखल घेतली जाते. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाजवळ, मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. गल्ल्यावर पैसे भरून टोकन घ्यायचे, बाहेर थांबायचे आणि आपला नंबर पुकारला की जी खुर्ची रिकामी असेल तिथे जाऊन बसायचे. समोर केळीचे पान येते, त्यावर भाज्या, पुरी, भात, तूप आणि त्यामागोमाग बादल्या घेऊन फिरणारे वाढपी. सांबार हवे की रसम, एवढाच काय तो प्रश्न. शेजारी कोण बसले आहे याच्याशी कुणालाच कर्तव्य नसते. लग्नाच्या पंगतीत ज्याप्रमाणे शेजारी अनोळखी असला तरी आपण एकटे जेवत आहोत असे वाटत नाही, तसेच इथे होते, फरक इतकाच की इथे नाव, गाव आणि "अजून लग्न का नाही केले?" हे कुणी विचारत नाही. त्या दिवशी मात्र भाचीने हट्टाने दोन लगतच्या खुर्च्या मिळेपर्यंत थांबायला लावले आणि आमच्यामागून आलेली पाच-सहा माणसे आमच्याआधी आत गेली.

'बोर्डिंग' हा शब्द मी तिला मुद्दाम समजावून सांगितला. दक्षिणेतून नोकरीसाठी आलेले, घरदार गावी ठेवलेले कारकून आणि टंकलेखक अशा ठिकाणी महिन्याच्या बोलीवर जेवत असत. गिरणगावात हेच काम खाणावळींनी केले. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणीकामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्या लावून झोपायचा आणि जेवायचा मात्र एखाद्या बाईच्या चुलीवर. ती बाई सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस माणसांच्या भाकऱ्या थापायची आणि बहुतेक वेळा सावकाराच्या व्याजाखाली दबलेली असायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी, त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. म्हणजे मुंबईतल्या साध्या जेवणाच्या जागा मुळात एकट्या माणसांसाठीच निर्माण झाल्या. एकट्याने जेवणे ही इथली जुनी आणि प्रतिष्ठित रीत आहे. खंत एवढीच की ती माणसे म्हणजे पुरुष होते. बायका चुलीपाशी होत्या, टेबलापाशी नव्हत्या.

इराण्याच्या हॉटेलातही बायकांची सोय वेगळी असे. मुख्य दालनात संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, तिथे पुरुष; आणि आतल्या बाजूला किंवा पोटमाळ्यावर 'फॅमिली रूम'. कुटुंबाबरोबर आलेली बाई तिथे बसे, आणि एकटीने येणारी बाई कुठे बसेल हा प्रश्न कुणी विचारात घेतलेलाच नव्हता. आज धोबीतलावच्या कयानीमध्ये, मेट्रो सिनेमापासून चार पावलांवर, मी खालच्या दालनातच बसते. कयानी १९०४ चे आहे. यझ्द आणि केरमान या भागांतून आलेल्या झरतुष्ट्री इराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मुंबईत जी हॉटेले काढली, त्यांतली फार थोडी आता उरली आहेत आणि जी उरली आहेत तिथे जाणे हे मी माझे कर्तव्यच मानते. नाक्यावरची जागा हिंदू व्यापाऱ्यांना अशुभ वाटे म्हणून ती इराण्यांच्या वाट्याला आली, असे जुनी माणसे सांगतात. कारण काहीही असो, त्यामुळे दोन्ही रस्त्यांकडून प्रकाश आणि वारा येतो, आणि एकट्या माणसाला बघायला दोन रस्ते मिळतात. नजर कुठे ठेवायची, या भाचीच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नाही.

कयानीत सकाळी जावे. खिमा पाव किंवा अकुरी घ्यावी. अकुरी म्हणजे कांदा, टोमॅटो, मिरची आणि कोथिंबीर घातलेली पारशी पद्धतीची अंडी, जी पूर्ण आटू न देता ओलसर असतानाच आचेवरून उतरवतात. नंतर चहा आणि बन मस्का. गर्दी असेल तर कुणीतरी येऊन विचारते, "इथे कुणी आहे का?" आणि आपण मान हलवली की समोर बसते. त्यानंतर दोघांनी एकमेकांशी बोलायचे बंधन नसते, आणि बोलले तरी कुणाला वावगे वाटत नाही. फोर्टमधल्या याझदानी बेकरीत बनऐवजी ब्रून खावा. त्याचे कवच इतके कडक असते की चहात बुडवल्याशिवाय त्याची खरी चव कळत नाही, आणि बुडवताना लोण्याचे पिवळे थेंब चहावर तरंगू लागतात ते मला अतिशय आवडते. बॅलार्ड इस्टेटमधल्या ब्रिटानियाचा (१९२३) बेरी पुलाव प्रसिद्ध आहे आणि त्या प्रसिद्धीला तो पात्रही आहे. इराणहून येणाऱ्या आंबट लाल बेरींनी भाताला जी धार येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. मात्र तिथले ताट मोठे आणि दरही तसाच चढा, म्हणून तिथे दोघींनी जाणे बरे.

मासे खायला आम्ही घाईने गेलो नाही. जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींना समुद्रात जायला बंदी असते, त्या काळात जे ताटात येते ते बहुधा बर्फातले असते. त्यानंतर श्रावण, मग गणपती. हे सगळे पार पडल्यावर वांद्रे पूर्वेला गांधीनगरमध्ये, द्रुतगती महामार्गाच्या कडेला असलेल्या हायवे गोमांतकला गेलो. जागा लहान आहे, दुपारी एकच्या सुमारास बाहेर थांबावे लागते, आणि थांबणाऱ्यांत सरकारी कचेऱ्यांतली माणसे, रिक्षावाले आणि मोटारीतून आलेली कुटुंबे सारखीच ताटकळत असतात. बोंबील तळण्यापूर्वी मधोमध चिरून वजनाखाली दाबून ठेवतात, म्हणजे त्यातले पाणी निघून जाते. हे नीट केले असेल तर बाहेरचा रवा कुरकुरीत राहतो आणि आतला मासा साईसारखा लागतो. इथे ते नीट केलेले असते. तिसऱ्यांचे सुके, गरम भात आणि सोलकढी घेतली की पाचशे-सहाशे रुपयांच्या एखाद्या चकचकीत ताटाची आठवणही येत नाही. शिवाय काट्यांचा मासा हे खऱ्या अर्थाने एकट्याने खाण्याचे अन्न आहे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे. मांदेलीचा किंवा बांगड्याचा काटा काढताना लक्ष दुसरीकडे गेलेले चालत नाही. गप्पा मारणाऱ्याच्या ताटात निम्मा मासा तसाच राहतो.

दादरविषयी फार लिहीत नाही, कारण मराठी वाचकाला ते सांगण्याची गरज नाही. १९१० पासून चालत आलेले मामा काणे, प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, आस्वादचे थालीपीठ या सर्व ठिकाणी एकटी बाई रोज दिसते, आणि संध्याकाळी हातात भाजीची पिशवी घेऊन एकटीच पियूष पिणारी मध्यमवयीन बाई हे मला या शहराचे एक अत्यंत समाधानी चित्र वाटते.

खरी अडचण बिअरच्या टेबलापाशी सुरू होते. मुंबईतल्या साध्या बारला अजूनही 'परमिट रूम' म्हणतात, आणि हा शब्द १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेला आहे. त्या काळी परवान्याशिवाय पिणे गुन्हा होता. पुढे बंदी सैल झाली, तरी परवान्याची अट कागदोपत्री आजही आहे. वयाची अटही लक्षात ठेवावी: सौम्य बिअर आणि वाइनसाठी २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५. माझी भाची २४ वर्षांची असल्यामुळे तिला कडक मद्य मागवू दिले नाही, याबद्दल तिच्या आईने निश्चिंत असावे. परमिट रूममधला प्रकाश मंद असतो, काचा काळ्या असतात आणि तिथे येणाऱ्याला आपण दिसू नये असेच वाटत असते. लपून पिण्याच्या काळातली ही रचना आहे. अशा जागेत एकटी बाई शिरली की सगळ्या माना वळतात. तिथे येणारी माणसे वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. त्या जागेत बाई बसेल हे कधी कुणाच्या मनातच आलेले नव्हते, एवढेच.

म्हणून कुलाब्याला जावे. कुलाबा कॉजवेवरचे लिओपोल्ड १८७१ पासून आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी तशाच ठेवल्या आहेत आणि तिथे बसल्यावर माझे लक्ष त्यांच्याकडे गेल्याशिवाय राहत नाही. मला अधिक जवळचे वाटते ते रीगल सिनेमाजवळचे कॅफे माँडेगार. तेही मूळचे इराणी, १९३० च्या दशकातले. त्याच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत: एका भिंतीवर कॅफेतलीच गजबज, दुसरीवर मुंबईचे जीवन. लोटलीच्या या गोवेकर चित्रकाराने माणसांच्या गर्दीत कुणालाच सुटे सोडलेले नाही. प्रत्येकाला नाक, पोट, टोपी, काहीतरी उद्योग दिलेला आहे. दुपारी चारच्या सुमारास, ज्यूकबॉक्सवर कुणीतरी जुने इंग्रजी गाणे लावलेले असताना, बिअरचा एक मग घेऊन ती भिंत पाहत बसावे. तास कसा जातो ते कळत नाही. जागा उजेडाची आहे, दार रस्त्यावर उघडते, टेबले एकमेकांना इतकी लागून आहेत की कुणी कुणाकडे रोखून पाहू शकत नाही, आणि दुपारी तिथे एकट्या बसलेल्या दोन-तीन जणी तरी असतातच, हातात पुस्तक घेतलेल्या किंवा न घेतलेल्या.

लोअर परळच्या एका पबमध्ये मात्र आम्हाला वेगळा अनुभव आला. मी आधी पोहोचले, भाची ऑफिसातून यायची होती. दारावरच्या माणसाने मला विचारले, "मॅडम, तुमच्याबरोबर कोण आहे?" मी एकटीच आहे असे सांगितल्यावर त्याने आत जाऊन कुणाला तरी विचारले आणि मला स्वच्छतागृहाच्या दाराशेजारचे टेबल दिले, पुढची सहा टेबले रिकामी होती. माझ्यामागे आलेल्या एका तरुणाला तर "सिंगल स्टॅग एन्ट्री नाही", म्हणजे एकट्या पुरुषाला प्रवेश नाही, म्हणून परतच पाठवले. तो मुलगा काही न बोलता वळला आणि जिन्याकडे गेला. दिवसभर काम करून आलेल्या एखाद्याला एक ग्लास बिअर हवी असेल तर त्याने बरोबर कुणाला तरी आणलेच पाहिजे, हा नियम ज्यांनी केला त्यांना हे शहर कुणी उभे केले ते ठाऊक नसावे. मी भाचीला फोन केला आणि आम्ही दुसरीकडे गेलो. त्याच भागात, कमला मिलच्या आवारात, २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटताच लागलेल्या आगीत १४ माणसे गेली होती. तेव्हापासून मी कुठल्याही पबमध्ये बसण्यापूर्वी बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता पाहून ठेवते आणि भाचीलाही तीच सवय लावली आहे.

पब म्हणून जावेच असे विचाराल तर डूलालीच्या टॅपरूममध्ये जा. स्वतःची बिअर स्वतःच बनवणारी ही मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि नंतर मुंबईत आली. तिथे लांब टेबलांवर पटावरचे खेळ मांडलेले असतात, कुणाचे तरी कुत्रे पायाशी झोपलेले असते, आणि एकट्या आलेल्या माणसाला चार अनोळखी माणसे "आम्हाला एक गडी कमी पडतो आहे" असे म्हणून खेळात ओढतात. भाचीला हे फार आवडले. गव्हाची बिअर आणि सफरचंदाची सायडर या दोन्ही गोष्टी तिने तिथे पहिल्यांदा चाखल्या. मला सायडर गोड वाटली.

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही पुन्हा माटुंग्याला गेलो. टोकन घेतले, जिन्याजवळ उभ्या राहिलो. अर्ध्या तासाने आमचा नंबर आला, पण खुर्ची एकच रिकामी होती, खिडकीजवळच्या टेबलावर, तीन अनोळखी माणसांमध्ये. मी मागे वळून "थांबू या का?" असे विचारणार होते, तोपर्यंत ती "मी बसते" म्हणून आत गेलीही होती. मला दहा मिनिटांनी दुसऱ्या टोकाला जागा मिळाली. तिथून पाहिले तेव्हा तिच्या पानावरचा भात संपत आला होता, समोरच्या आजोबांनी पापडाची ताटली तिच्याकडे सरकवली होती, आणि ती हात वर करून वाढप्याला दुसऱ्यांदा रसम मागत होती.