काळ्या मातीत बांधावरचं झाड का मरतं

पहिला पाऊस झाला की इंदूरभोवतीच्या सांवेर, देपालपूर, हातोद या पट्ट्यात ट्रॉल्या भरून रोपं येतात आणि बांधांवर लागतात. पुढच्या जूनमध्ये त्याच बांधावर चालत जा, निम्म्या ठिकाणी नुसती रिकामी आळी दिसतात. दोष रोपवाटिकेला दिला जातो, नाही तर उन्हाला. उन्हाचा वाटा आहेच, पण आपल्या माळव्यात बरीचशी रोपं उन्हाळ्यापर्यंत पोचतच नाहीत. ती ऑगस्टमध्ये पाण्यात गुदमरून गेलेली असतात. वरची पानं महिनाभर हिरवी राहतात म्हणून ते लवकर लक्षात येत नाही.

दोन-दोन फुटांचा खड्डा, शेणखत, माती, रोप ही सगळीकडे सांगितली जाणारी पद्धत मुरमाड जमिनीत चालते. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी खाली उतरणं जवळजवळ थांबतं. अशा जमिनीतला खड्डा म्हणजे हौद. आतली भर भुसभुशीत, चारी भिंती चिकण, त्यामुळे आजूबाजूचं पाणी त्यात येऊन बसतं आणि मुळांना हवा मिळत नाही. खात्री करायची असेल तर दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजल्यावर खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे खड्ड्यात रोप लावायचं नाही, उंचवट्यावर लावायचं.

उंचवटा म्हणजे तळाशी चार फूट रुंद आणि दीड फूट उंच मातीचा ढीग. मे महिन्यात त्या जागेची माती कुदळीने वीतभर खणून मोकळी करा, तिच्यावर शेताची वरची माती, १०-१५ किलो कुजलेलं खत आणि एक किलो निंबोळी पेंड एकत्र करून टाका. पहिल्या पावसाने ढीग दबतो, तो पुन्हा भरून घ्या आणि मगच रोप लावा. पिशवीतल्या मातीचा वरचा भाग ढिगाच्या माथ्याशी समपातळीत हवा. खोडाभोवती खळगा राहिला तर एवढी मेहनत वाया जाते. पाण्याचं आळं खोडाला लागून नको, ढिगाच्या कडेने गोल हवं.

ढिगाऐवजी बांध वापरायचा तर तो खरोखरचा बांध हवा. आपल्याकडची मेड, म्हणजे शेताच्या कडेचा बांध, दोन्ही बाजूंनी नांगर घासत घासत हातभर उरलेली असते, तिच्यावर झाड तग धरत नाही. वर एक मीटर, तळाशी अडीच मीटर आणि अर्धा मीटर उंच असा बांध झाडाला पुरतो. त्याला १०० मीटरमागे सुमारे ८७ घनमीटर माती लागते. एक हेक्टरच्या, म्हणजे साधारण चार बिघ्यांच्या चौकोनी शेताला चारी बाजूंनी असा बांध घातला तर ४०० मीटर गुणिले अडीच, म्हणजे हजार चौरस मीटर जमीन जाते. हा शेताचा दहावा हिस्सा झाला. बांधावर झाडं लावायला जागा फुकट मिळते असं सांगणारे हा हिशेब सांगत नाहीत. म्हणून दोनच बाजू निवडा आणि बाकीच्या दोन बाजूंना करवंदाचं कुंपण घाला. करवंदाला तीन-तीन फुटांवर रोप पुरतं.

बांध अगदी सपाट पातळीत घालू नका. काळ्या जमिनीत अडलेलं पाणी मुरत नाही, सोयाबीन पिवळं पडतं आणि उन्हाळ्यात भेगाळलेला बांध पहिल्या जोरदार पावसात तिथेच फुटतो. दर १०० मीटरला २०-३० सेंटिमीटर उतार द्या आणि शेवटी दगडी सांडवा करा. झाड बांधाच्या उताराकडच्या खांद्यावर लावा, कारण वरच्या अंगाला पाणी तुंबतं.

सावलीकडे मात्र फार कमी लोक लक्ष देतात, आणि बटाईदार (वाट्याने शेत कसणारा) झाडं का टिकू देत नाही याचं कारण बहुतेक वेळा सावली हेच असतं. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्या वेळी झाडाची सावली बुंध्याशीच पडते आणि सोयाबीनला फारसा त्रास नसतो. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंश वर असतो. तेव्हा सावली उत्तरेकडे पडते आणि झाडाच्या उंचीएवढीच लांब असते. गव्हाला फुटवे येण्याचा हाच काळ. पूर्व-पश्चिम बांधावर सहा मीटर उंच झाडांची रांग असेल तर तिच्या उत्तरेचा सहा मीटरचा पट्टा जवळजवळ दिवसभर सावलीत राहतो. उत्तर-दक्षिण बांधाची सावली सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला सरकते, त्यामुळे कोणतीही एक जागा दिवसभर अंधारात राहत नाही. म्हणून खमेर (आपली शिवण), कडुनिंब अशी उंच झाडं उत्तर-दक्षिण बांधावर लावा. पूर्व-पश्चिम बांधावर सीताफळ, लिंबू आणि छाटून बुटका ठेवलेला शेवगा लावा. शेताच्या उत्तर सीमेपलीकडे रस्ता किंवा नाला असेल तर तिथे उंच झाडं चालतील. शेजाऱ्याचा गहू असेल तर ती सावली त्याच्या शेतात जाते आणि वर्षभराचं भांडण ओढवतं.

दिवाळीच्या आधी, रब्बीच्या पेरणीपूर्वी, उंच झाडांच्या खालच्या एक तृतीयांश उंचीपर्यंतच्या फांद्या काढा. झाड पाच-सहा वर्षांचं झालं की त्याची मुळं पिकात शिरतात. खोडापासून मीटर-दीड मीटरवर शेताच्या बाजूने दोन फूट खोल चर मारला की ती तुटतात. दर दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा मारावा लागतो. निलगिरी आणि सुबाभूळ बांधावर नकोच. सुबाभळीचं बी शेतभर उगवतं आणि ते उपटण्यात मजुरी जाते.

आता घराच्या स्वयंपाकघराचं. सोयाबीन पूर्ण मंडीत जातं, घरात काय तो गहू उरतो, आणि डाळ, भाजी, लिंबू, फळ सगळं विकत आणावं लागतं. चार माणसांच्या घराला पाच शेवगे आणि दोन कागदी लिंबं पुष्कळ झाली. त्याहून जास्त लावायची ती इंदूरच्या चोइथराम भाजीमंडीचा रस्ता जवळ असेल तरच. रोपांच्या मधल्या जागेत पहिली दोन वर्षं तूर टोका, फूट-सव्वा फूट अंतरावर. ती रोपांना वारा आणि दुपारचं ऊन लागू देत नाही आणि घरची डाळ निघते. तिलाही पाणी तुंबलेलं चालत नाही, मर रोग लागतो, म्हणून तीही बांधाच्या माथ्यावरच हवी.

पीकेएम-१ या जातीचा शेवगा बियांपासून येतो. दोन बिया इंचभर खोल टोका, एक रोप ठेवा, गुडघ्याच्या थोडं वर गेलं की शेंडा खुडा आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर तीन फुटांवर छाटा. छाटणी चुकली तर झाड बांबूसारखं उंच जातं, शेंगा हाताला येत नाहीत आणि वाऱ्यात फांदी तुटते. लिंबाला काळ्या मातीत डिंक्या हमखास होतो. बुंध्याशी पाणी साचलं की साल चिरते आणि तिच्यातून डिंक गळतो. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट करून खोडाला तीन फुटांपर्यंत लावा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. मोरचूद लोखंडी भांड्यात कधीच भिजवू नका. सीताफळाच्या पानांना बकऱ्या तोंड लावत नाहीत, म्हणून गावाकडच्या, गुरांच्या वाटेच्या बाजूला तेच लावा.

पौषातला पाला, म्हणजे गोठलेलं दंव, शेवग्याच्या आणि तुरीच्या कोवळ्या शेंड्यांना जाळतो. पाल्याची शक्यता असेल त्या संध्याकाळी हलकं पाणी द्या. शेताच्या सखल बाजूला कुंपण दाट करू नका, अधूनमधून मोकळी जागा सोडा. थंड हवा पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि दाट कुंपणाशी अडून राहिली की तिथलं पीक आधी जळतं.

खताची गोष्ट इंदूरच्या माणसाला वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. होळकर संस्थानाच्या मदतीने १९२४ मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथे बसवलेली कंपोस्टची पद्धत १९३१ पासून जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. त्यातली एक बारीक गोष्ट आज बहुतेक जण विसरतात. कोरड्या महिन्यांत ते खड्डे वापरत आणि पावसाळ्यात जमिनीवर ढीग लावत, कारण पाणी भरलं की हवा जाते आणि कुजण्याऐवजी सडणं सुरू होतं. सोयाबीनचं भुसकट टणक असतं. ते आधी रात्रभर गुरांखाली अंथरा म्हणजे तुडवलं जातं आणि गोमूत्रात भिजतं. मग वीतभरापेक्षा कमी जाडीचे थर, प्रत्येक थरावर शेण, राख आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचा पातळ काला. पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी उलथा, तीन महिन्यांत खत तयार होतं. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालंय, काडी तशीच राहिली तर पाणी किंवा शेण कमी पडलंय.

दिवाळीनंतर रोपाला दर दहा दिवसांनी दहा लिटर आणि एप्रिलपासून दर आठवड्याला तेवढंच पाणी द्या. बुंध्याभोवती चार बोटं भुसकट पसरा, पण खोडाला टेकवू नका, वाळवी लागते. भुसकटाने माती भेगाळत नाही. भेगा पडल्या की बारीक मुळं अक्षरशः ओढून तुटतात.

आणि एवढं सगळं सांभाळून एप्रिलमध्ये एका दुपारी सगळं जातं, नरवाईच्या (कापणीनंतर उरलेल्या धसकटांच्या) आगीत. हार्वेस्टरने गहू कापला की फूटभर धसकट उरतं, कुणीतरी काडी लावतो आणि बांधावरची दोन वर्षांची रोपं होरपळतात. तुम्ही आग लावली नाही तरी शेजारून येते. कापणीच्या दिवशीच बांधाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटरचा पट्टा नांगरून काळा करा, आणि त्या पट्ट्यातलं भुसकट आत बुंध्याशी न नेता खताच्या ढिगावर टाका. शेत बटाईने दिलं असेल तर हे काम आणि पाणी देणं करारात लिहा आणि बदल्यात तूर व शेवगा पूर्ण बटाईदाराला सोडा. सावली त्याने सोसायची आणि फळ मालकाने न्यायचं, यावर झाड टिकत नाही.

झाडं रुजली की पटवाऱ्याकडून (तलाठ्याकडून) खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, त्यांची नोंद करून घ्या. साग लावला असेल तर हे आधी, कारण तोडायची आणि वाहतुकीची परवानगी मागताना झाड तुमच्या शेतात तुम्हीच लावलं होतं हे दाखवावं लागतं. नोंदीची नक्कल हातात आली की तिच्यात झाडाची जात आणि संख्या दोन्ही लिहिली आहेत का ते तिथेच वाचून बघा.