जुन्या फियाटने तीन घाट : पसरणी, आंबेनळी, ताम्हिणी

पुणे, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, माणगाव, ताम्हिणी आणि परत पुणे. ही फेरी साधारण ३१० किलोमीटरची आहे. गाडी प्रीमियर पद्मिनी, स्टिअरिंगला गिअर असलेली, बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो असलेली. डिसेंबर महिना, महाबळेश्वरला एक मुक्काम. वाटेत बॉनेट उघडायची वेळ आली, पण प्रत्येक वेळी काम रस्त्याच्या कडेला, गाडीतल्याच सामानात झालं. जुनी फियाट घेऊन याच वाटेने जाणाऱ्यांसाठी हे तपशील.

आधी गाडीबद्दल थोडं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी. कागदावर नाव काहीही असो, महाराष्ट्रात तिला सगळे फियाटच म्हणत आले. गावातल्या डॉक्टरांची फियाट, लग्नात नवरानवरीला आणणारी फियाट, पुढच्या सलग सीटवर तिघं आणि मागे मुलांसकट जमतील तेवढे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती जेवढी राबली तेवढी क्वचितच कुठली गाडी राबली असेल. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

एवढी वर्षं तिच्यावर लोकांनी भरवसा ठेवला, कारण ही गाडी बंद पडायच्या आधी सांगते. आवाज बदलतो, वास येतो, पेडल खाली जातं, दिवा लुकलुकतो. ते ओळखता आलं आणि डिकीत योग्य सामान असलं तर तिला टोइंगवर आणायची पाळी सहसा येत नाही.

निघण्याआधीची तयारी

आठवडाभर आधी सुरुवात करा, आदल्या रात्री नको. पहिला मान रेडिएटरला. या इंजिनाचा ब्लॉक बीडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. गाडी एकदा जास्त तापली की हेड वाकतं, गॅस्केट जातं आणि पुढचा खर्च मोठा असतो. म्हणून रेडिएटर उतरवून आतून उलट्या दिशेने पाण्याने फ्लश करून घ्या, जाळीत अडकलेला कचरा मागच्या बाजूने पाणी मारून काढा. वरचा आणि खालचा होज हाताने दाबून पाहा. मऊ पडलेला किंवा टोकाला फुगलेला दिसला तर लगेच बदला. फॅन बेल्ट दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १५ मिलिमीटर खाली जावा. कित्येक गाड्यांतला थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) मेकॅनिकने कधीतरी काढून टाकलेला असतो. तो परत बसवा, नाहीतर थंडीत इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल फुकट जळतं.

इग्निशनमध्ये पॉइंटची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप होऊन ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची, फट ०.४ मिलिमीटर आणि प्लगची ०.६ ठेवा. दोन्ही फीलर गेजनेच मोजा, अंदाजाने नको. नवा कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा छोटा भाग) घेतला तर तो गाडीला लावून शंभर-दोनशे किलोमीटर चालवून बघा, मग काढून सुटा म्हणून डिकीत ठेवा. बाजारात आज मिळणारे कंडेन्सर पुष्कळदा नवेकोरेच निकामी निघतात आणि हे घाटात कळण्यात काही अर्थ नाही.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. ब्रेक ऑइल डॉट ३, दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर पूर्ण बदला, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग उतारावर तापून त्यात वाफ धरते. चाक वर उचलून हाताने फिरवत ब्रेक हळूहळू आवळत न्या. शू घासल्याचा आवाज सुरू झाला की किंचित सैल करा. प्रत्येक व्हील सिलिंडरचं (चाकातला, शू ड्रमवर दाबणारा सिलिंडर) रबर बूट उचलून आत ओल आहे का ते बघा. ओल दिसली तर त्या सिलिंडरची किट, म्हणजे नवी रबरं, टाकल्याशिवाय आंबेनळीला जाऊ नका. किंगपिन (पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या पिना) आणि बाकी सगळ्या ग्रीसच्या निपलना ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत.

आता पेट्रोल. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि या गाडीतलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. जुने पाइप आतून सुटतात, त्यांचा काळा भुगा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो, पंपाचा पडदा ताठ होतो. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे घालून घ्या, पंपाला नव्या पडद्याची किट टाका आणि टाकी व पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर लावा. गाडी महिनोनमहिने उभी राहणार असेल तर टाकीत तेच पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल पाणी धरतं आणि पत्र्याची टाकी तळातून गंजते.

डिकीत काय होतं ते सांगतो: पॉइंट सेट, तपासलेला कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप, चार प्लग, कॉइल, फॅन बेल्ट, दोन्ही होज आणि चार क्लिपा, पंपाची किट, दोन पेट्रोल फिल्टर, व्हील सिलिंडरच्या दोन किट, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, एक लिटर २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल, दहा लिटर पाणी, ५.२०-१४ ची एक ट्यूब, ८ ते १९ नंबरचे पाने, प्लग पाना, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, जॅक आणि जॅकखाली घालायला फळीचा तुकडा. दोन जुनी सुती फडकी विसरू नका, त्यांचं काम पुढे येतं. सुटे भाग मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत विचारावेत. घेताना जुना भाग हातात घेऊन जा. डिलाइट आणि नंतरच्या पद्मिनी यांत बारीक फरक आहेत.

कागदपत्रांत पंधरा वर्षांनंतरचं आणि मग दर पाच वर्षांचं पुनर्नोंदणीचं काम, हरित कर, पीयूसी आणि नवी सुरक्षित नंबर प्लेट. फास्टॅग जुन्या गाडीलाही लागतो.

पुणे ते महाबळेश्वर

पहाटे साडेपाचला निघालात तर खेड शिवापूरचा टोलनाका रिकामा मिळतो. हायवेवर ६० ते ६५ चा वेग धरा. या वेगात इंजिन समाधानाने चालतं आणि लिटरला १२ किलोमीटर तरी देतं. ट्रकच्या मागे अंतर ठेवून राहा, पुढे काढायच्या भानगडीत पडू नका.

खंबाटकीचा चढ ही पहिली परीक्षा. तिसऱ्या गिअरमध्ये ३५-४० ने जा, गुदमरायला लागली की वेळेवर दुसरा टाका. इथेच चार्जिंगचा लाल दिवा पेटून राहिला आणि टेंपरेचरचा काटा चढायला लागला. ही दोन लक्षणं एकत्र आली की बेल्टकडेच बघायचं, कारण डायनॅमो आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. नुसता दिवा लागला असता तर डायनॅमोचे ब्रश किंवा कटआउट (डायनॅमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच), नुसता काटा चढला असता तर पाणी. बेल्ट ताणून सैल झाला होता. डायनॅमोच्या पट्टीचा बोल्ट ढिला करून, डायनॅमो बाहेरच्या बाजूला खेचून परत आवळला, दहा मिनिटांचं काम. नवा बेल्ट घातल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर तो पुन्हा ताणावा लागतोच, हे लक्षात ठेवा.

सुरूर फाट्याला हायवे सोडून वाईकडे वळा. वाईत थांबून इंजिन निवू द्या आणि पेट्रोल भरा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी तर कधीच ओतू नका, हेडला तडा जातो.

वाई ते पाचगणी हा पसरणी घाट, बाराएक किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून जास्त चढ. आठच्या आत चढायला लागा. चढाने ही गाडी तापत नाही, गर्दीने तापते. पंखा इंजिनावर फिरतो, त्यामुळे रांगेत उभं राहिलं की वारा बंद. अशा वेळी गिअर काढून अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून ठेवा, पंखा फिरत राहतो. चढावर क्लचवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक लावा. आणि एक महत्त्वाचं, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरच्या दातांचा वेग जुळवणारी सोय) नाही. चालत्या गाडीत तो करकरतो, दात जातात. वळणावर पुढची गाडी थांबेल असं वाटलं की आपणही पूर्ण थांबा, पहिला टाका आणि मगच उचला.

स्टिअरिंगवरचा गिअर कधी मध्येच अडकतो. दांडा वर जात नाही, खाली येत नाही. लिंकेजचे बुश झिजल्याने दोन्ही लिव्हर एकदम अर्ध्यावर येतात. इंजिन बंद करा, चाकामागे दगड लावा, बॉनेट उघडून स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या टोकाशी असलेल्या दोन्ही लिव्हर हाताने एका रेषेत आणा. न्यूट्रल सापडतो. घरी आल्यावर बुश बदलायचे.

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. इथे हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद साधारण आठव्या हिश्श्याने घटते, पेट्रोल-हवेचं मिश्रण जरा दाट होतं आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतली इंजिनाची संथ चाल, डळमळतं. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवायचा मोह होईल, पण हात लावू नका. दुसऱ्या दिवशी गाडी समुद्रसपाटीजवळ जाणार आहे आणि तिथे तेच मिश्रण पातळ पडून इंजिन तापेल. पहाटेच्या थंडीत चोक पूर्ण ओढून सुरू करा आणि मिनिट-दोन मिनिटांत हळूहळू आत ढकला. पाचगणी-महाबळेश्वरच्या नाक्यांवर प्रवेशकर भरावा लागतो, सुटे पैसे ठेवा.

आंबेनळीचा उतार

महाबळेश्वर ते पोलादपूर ४० किलोमीटर, आणि तेवढ्यात जवळजवळ तेराशे मीटर खाली. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वरचेवर बंद असतो, म्हणून नोव्हेंबर ते मार्च योग्य. निघताना सपाटीवर ब्रेक तीन-चारदा दाबून पेडलची उंची मनात ठेवा. मग दुसरा गिअर टाका आणि वाडा कुंभरोशीपर्यंत, म्हणजे प्रतापगडच्या फाट्यापर्यंत, तो बदलू नका. पाय ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. वळणाआधी जोराने थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे मधल्या वेळात ड्रम निवतात. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं तर सपाट जागा पाहून वीस मिनिटं थांबा. पेडल स्पंजासारखं लागत असेल तर ऑइलमध्ये वाफ आहे. निवल्यावर पेडल परत येतं, पण ते ऑइल आता बदलायला झालेलं आहे असं समजा. पुष्कळ जुन्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं, म्हणून या बाबतीत जराही ढिलाई नको. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, वळणावर हॉर्न वाजवा, एसटी आली तर डोंगराच्या अंगाला थांबा.

माणगाव आणि ताम्हिणी

पोलादपूर ते माणगाव हायवेने पाऊण-एक तास. माणगावला जेवणासाठी तासभर गाडी उन्हात उभी राहिली आणि नंतर सुरू होऊन शंभर मीटरवर खोकत बंद पडली. टाकीत पेट्रोल, प्लगला ठिणगी, पण फिल्टर रिकामा. हा व्हेपर लॉक. चालत्या गाडीत पेट्रोल वाहतं आणि पंप गार राहतो; गरम इंजिन बंद केलं की उष्णता पंपात शिरते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ खेचू शकत नाही. उपाय जुना आणि खात्रीचा आहे. सुती फडकं भिजवून पंपावर आणि तिथून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पाइपवर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, मग पंपाच्या बाजूची हाताची दांडी मारत राहा. दांडी सैल लागली आणि जोर येत नसेल तर आतला कॅम वर आलेला असतो. स्टार्टर किंचित फिरवून इंजिन थोडं पुढे न्या, दांडीला लगेच जोर येतो. फिल्टर भरलेला दिसला की सेल्फ मारा. पुढे दुपारचा थांबा सावलीतच घ्या आणि थांबल्यावर बॉनेट उघडून ठेवा.

निजामपूर, विळे करत ताम्हिणी चढताना फडकं पंपावरच राहू द्या, अधूनमधून पाणी शिंपडा. पसरणीपेक्षा हा चढ गाडीला सोपा जातो. समोरच्या दाराची त्रिकोणी काच पूर्ण उलटी फिरवली की आत असा वारा येतो की दुपारीही घाम येत नाही. घाटात मोबाइलला रेंज कमी मिळते, म्हणून सामान माणगावातच पुरं करून घ्या. महाड-माणगावच्या जुन्या गॅरेजांत फियाटचे पॉइंट कानाने लावणारे मिस्त्री अजून भेटतात.

पिरंगुटला अंधाराच्या आत पोहोचायचं ठरवा. डायनॅमो आयडलिंगवर चार्ज करत नाही, त्यामुळे भूगाव ते चांदणी चौकाच्या रांगेत हेडलाइट लावून तासभर गेला तर बॅटरी उतरते. तशी वेळ आलीच तर उभ्या गाडीत पार्किंगचे दिवे ठेवा आणि इंजिन बंद करू नका.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पाणी आणि ऑइल बघा. ३०० किलोमीटरमध्ये पाव लिटरपर्यंत ऑइल खाल्लं तर जुन्या इंजिनाला ठीक, त्याहून जास्त असेल तर व्हॉल्व्ह सील आणि रिंगा तपासून घ्या. चारही ड्रम उघडून शूचा भुगा झटका, व्हील सिलिंडर पुन्हा एकदा बघा, पेट्रोल फिल्टर बदला. वापरलेला सुटा भाग त्याच आठवड्यात आणून डिकीत परत ठेवा.