येझदीचा चौरंग

आप्पांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. मांडी घालायची नाही आणि उकिडवं बसायचं नाही. आईने पंधरा दिवसांत घर बदलून टाकलं. जेवायला टेबल आलं, न्हाणीघरात उंच स्टूल आलं, देवांना उंच चौरंग आला. आप्पांच्या येझदी मोटरसायकलचं काय करायचं, हे मात्र कुणीच बोललं नाही.

१९८७ सालची रोडकिंग आहे. आप्पा वीज मंडळात होते. कऱ्हाडहून पाटण, हेळवाक, कोयनानगर, सगळं तिच्यावर. येझदी बनवणारा मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, मग तिची नस ओळखणारे मेकॅनिकही एकेक करून कमी होत गेले. आप्पांना त्याची झळ लागली नाही, कारण ते स्वतःच करायचे. दर महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी सकाळी पोर्चमध्ये पोतं अंथरायचं, लाकडी पाटावर उकिडवं बसायचं आणि दुपारच्या जेवणापर्यंत उठायचं नाही. पाने पुसून द्यायचं काम माझं. दहा-अकरा आणि चौदा-पंधरा हे आकडे मला पाढ्यांच्या आधी पान्यांवर वाचता यायला लागले.

ऑपरेशननंतर गाडी आठ महिने कापडाखाली राहिली. मग एका रविवारी मीच पाटावर बसले आणि आप्पा खुर्चीवरून सांगू लागले. दहा मिनिटांत दोघंही वैतागलो. त्यांना वरून नुसती टाकी दिसायची, आणि मला सांगायचं तर त्यांना स्वतःला दिसायला हवं. "आगं, तिरकं नको बगू, समोरनं बग," असं ते म्हणायचे आणि पुढे वाकायला गेले की आईचा आतून आवाज यायचा. त्या दिवशी रात्री मी वहीत पहिलं चित्र काढलं.

गाडी वर घ्यायची, एवढं नक्की होतं. पण किती वर? बहुतेक लोक असं टेबल उभं राहून काम करायला बनवतात, म्हणजे कमरेएवढं. मग गाडी चढवायला जॅक लागतो, हायड्रॉलिक लागतं. आप्पा तासन् तास उभे राहू शकणार नाहीत, ते बसूनच काम करणार. म्हणून मी टेप घेऊन आधी आप्पांना मोजलं. स्टूल १९ इंच. त्यावर बसून हात कोपरात दुमडले की कोपर जमिनीपासून २८ इंचांवर. गाडीच्या उजव्या बाजूला सी.बी. पॉइंट, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट, जिथे असतात ती जागा जमिनीपासून साधारण १५ इंच. अठ्ठावीस वजा पंधरा, म्हणजे १३ इंच. कार्बोरेटर छातीसमोर येतो, मागच्या चाकाचा आस हाताला येतो, आणि तेरा इंच म्हणजे गाडी दोन माणसं ढकलत चढवू शकतात. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, पण इतकं उपयोगी गणित बऱ्याच दिवसांत सोडवलं नव्हतं.

लाकूड गावाहून आलं. पाटणजवळच्या आमच्या गावी आजोबांनी जे घर उभं केलं ते १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतरचं. ११ डिसेंबरच्या पहाटे जुनं घर गेलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात सागाचे खांब, वासे, आढं असं नवं उभं राहिलं. आप्पा तेव्हा सतरा वर्षांचे. खांब उभे करताना दोर ओढणाऱ्यांत ते होते. चार वर्षांपूर्वी त्या घराच्या भिंती पावसात खचल्या, घर उतरवावं लागलं आणि लाकूड गोठ्यात रचून ठेवलं. ते विकायचं की नाही यावर भावकीत अजून बोलणं चालू आहे. आमच्या वाटणीचा एक खांब आणि सहा वासे मी टेम्पोत घालून कऱ्हाडला आणले.

जुन्या लाकडाला करवत लावायच्या आधी त्यातले खिळे शोधावे लागतात. एक खिळा राहिला तर मशीनच्या पात्याचे दात जातात, आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. मी जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधलं आणि प्रत्येक वाश्याच्या चारही बाजूंनी हळूहळू फिरवलं. जिथे दोरा ओढला जाई तिथे खडूने फुली. एकूण ४७ खिळे निघाले. काही इतके आत गंजले होते की पटाशीने भोवतालचं लाकूड कोरून काढावे लागले.

सुतारकाकांनी पहिल्या कापानंतर लाकूड नाकाशी धरलं. सागाचा तो तेलकट वास अजून होता. "ताई, ह्या लाकडाला आता पावसाळा कळत न्हाई," ते म्हणाले. नवं लाकूड वाळताना पिळतं, चौकट वाकडी होते. हे पन्नासहून जास्त वर्षं कौलांखाली वाळलेलं आहे, त्याला जे पिळायचं ते केव्हाच पिळून झालंय.

खांब पाच इंची चौकोनी. त्याचे बारा-बारा इंचांचे सहा तुकडे केले, तेच सहा पाय. वाश्यांची लांबट चौकट पायांत खाच पाडून बसवली, म्हणजे वजन बोल्टवर न येता लाकडावरून लाकडावर उतरतं. मधे दर सोळा इंचांवर आडवे वासे. वर प्लाय. इथे मी घराच्या स्लॅबला वापरतात ती शटरिंगची प्लाय घेतली, १२ मिलिमीटरची, तपकिरी चकचकीत थराची. आठ बाय चारची एक शीट मधून उभी चिरली की आठ बाय दोनचे दोन पट्टे मिळतात, एकावर एक ठेवले की जवळजवळ एक इंचाची जाडी. पाणी आणि तेल तिच्यात लवकर मुरत नाही. मात्र त्या चकचकीत थरावर फेव्हिकॉल धरत नाही. आतल्या बाजूचा थर खरखरीत पॉलिशपेपरने घासून काढला, मग चिकटवलं आणि वरून स्क्रूही मारले.

मागच्या चाकासाठी फट ठेवायची, हे आप्पांनी सुचवलं. चाक काढायचं तर ते खाली सरकायला जागा लागते, नाहीतर मडगार्डमध्ये अडकून बसतं. जमिनीवर ते गाडी तिरकी करून काढायचे, चौरंगावर तो धोका कशाला? किती मोठी फट? टायरसकट चाकाचा व्यास साधारण २५ इंच. चाक चार इंच खाली जायला हवं असेल तर त्या पातळीवर वर्तुळाची जी जीवा पडते ती १८ इंचांहून थोडी जास्त. मी २० बाय ८ इंचांचा तुकडा कापला, त्याला खालून दोन पट्ट्यांचा आधार दिला आणि झाकणासारखा परत बसवला. झाकण एरवी कुणाच्या लक्षातही येत नाही, पण सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान त्या जीवेनं दिलं. बारावीच्या मुलांना मी आता तेच उदाहरण देते.

चढायच्या फळीचं गणितही त्यांच्याकडून वहीत करून घेतलं. गाडी सुमारे १४० किलोची. चार फुटांच्या फळीवरून तेरा इंच चढवायचं तर घर्षण सोडून ३८ किलोंचा जोर लावावा लागतो. फळी सहा फुटांची केली की तोच जोर २५ किलोंवर येतो. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं. फळी आणि चौरंग जिथे भेटतात तिथे टेकाड तयार होतं. पुढचं चाक पलीकडे आणि मागचं अलीकडे असताना ते टेकाड गाडीच्या पोटाकडे येतं. चार फुटांच्या फळीवर आमच्या मेन स्टँडची पट्टी काठाला घासली. सहा फुटांवर गाडी मोकळी गेली.

फळी मी सुरुवातीला नुसती काठावर टेकवली होती. पहिल्या वेळी चाक तिच्यावर चढलं तशी ती अर्धा इंच मागे सरकली. पोटात गोळा आला. गाडी तिथेच ब्रेक दाबून धरली, भाच्याने फळी पायाने रेटून ठेवली आणि आम्ही ती हळूच उतरवली. आता फळीच्या टोकाला दोन लोखंडी खुंट्या आहेत, त्या चौकटीतल्या भोकांत उतरतात. खुंट्या बसल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, हा घरचा नियम झालाय. उतरवताना गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवायची आणि क्लचने सोडायची. क्लच सोडला की मागचं चाक जागच्या जागी अडतं, नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबावं लागत नाही.

आणि एक गोष्ट आम्हाला गाडी वर गेल्यावरच कळली. मेन स्टँडवर घ्यायला माणूस गाडीच्या शेजारी, चाकांच्याच पातळीवर उभा असावा लागतो. चौरंग दोन फूट रुंद, गाडी मधोमध, माणसाला पाय ठेवायला जागा नाही. आणि जमिनीवर उभं राहून तेरा इंच वरचा स्टँड पायाने दाबता येत नाही. त्या दिवशी गाडी साइड स्टँडवर बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या वाश्यांची चौदा इंच रुंद, तेरा इंच उंच पायरी केली, डाव्या बाजूला चौकटीला आकड्यांनी अडकणारी. गाडी स्टँडवर गेली की पायरी काढून ठेवायची. कुणी असं टेबल करणार असेल तर पायरीचं लाकूड आधीच बाजूला काढून ठेवा. स्टँडचे दोन पाय जिथे टेकतात तिथे तीन मिलिमीटरचा पत्राही बसवून घ्या, नाहीतर प्लायला खड्डे पडतात.

स्टँडवर घेतल्यावर मागच्या आसाचा नट सोडवायला गेलो. तो घट्ट बसला होता. पान्यावर जोर दिला तर नट हलेना, सगळा चौरंग मात्र झोपाळ्यासारखा डुलला. पाय जाड होते, लाकूड भक्कम होतं, पण प्रत्येक जोड दोनच बोल्टांनी आवळलेला, आणि पाय त्या बोल्टांभोवती फिरू बघत होता. आप्पा काही बोलले नाहीत, नुसता गाडीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पाना खाली ठेवला. सुतारकाकांनी दोन्ही लांब बाजूंना आणि एका आखूड बाजूला तिरक्या पट्ट्या मारून कैची केली. त्रिकोण झाला की चौकट हलत नाही. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी कैची वगळली होती, त्याची बोच अजून आहे.

वरून चालायच्या जागी कन्व्हेअर बेल्टचा जुना तुकडा अंथरलाय, भंगारातून आणलेला. तेल सांडलं तरी पाय घसरत नाही. लाकडाला जवसाचं तेल दोन हात दिलं. त्याबद्दल एक कळकळीचं सांगणं आहे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच कोंडते आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उलगडून तारेवर वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा. पोर्चमध्ये पेट्रोलची टाकी असते, हे विसरू नका.

सगळं मिळून साडेसहा हजार रुपये गेले. त्यात सुतारकाकांची मजुरी, प्लाय, नटबोल्ट-वायसर आणि लोखंडाचं काम आलं. लाकडाची किंमत मी धरलेली नाही.

कैची झाल्यावरच्या रविवारी आप्पा स्टुलावर बसले. त्यांनी आधी गाडीकडे नाही, चौरंगाच्या पायांकडे पाहिलं. डावीकडून दुसऱ्या पायाला एक तिरकं भोक आहे, मी ते किड्याचं समजले होते. "ही कंदिलाची खुंटी," ते म्हणाले, "पडवीतला खांब ह्यो." त्यांनी एक बारीक काडी तासून त्या भोकात ठोकली आणि हात पुसायचं फडकं तिला अडकवलं. मग इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण उघडलं. पॉइंट बरोबर त्यांच्या कोपराच्या उंचीवर होते. मान वाकवावी लागली नाही. त्यांनी गॅप ०.४ मिलिमीटरला लावली, मग पतंगाच्या कागदाची चिंचोळी पट्टी दोन पॉइंटमध्ये धरली आणि मला मागचं चाक गियरमध्ये हळूहळू फिरवायला सांगितलं. पट्टी ताणून धरलेली, डोळे तिच्यावर. पॉइंट उघडतात त्या क्षणी कागद मोकळा होतो, तीच ठिणगीची वेळ. मी चाक बोटभर पुढे नेलं, अजून थोडं नेलं.

"सुटला," ते म्हणाले. "परत मागं घे. एकदा अजून बगू."

चार वेळा बघितलं. आईने जेवायला हाक मारली तेव्हा पावणेदोन वाजले होते, आणि आप्पा सलग अडीच तास गाडीपुढे बसून होते.

देवांना आला तसा गाडीलाही चौरंग आला, हे नाव आईचं. सहा पायांचा चौरंग कसा म्हणून सुतारकाकांनी विचारलं, पण तेही आता तेच म्हणतात. पुढच्या रविवारी क्लच प्लेटा बघायच्या आहेत. त्या डाव्या बाजूला, म्हणजे आप्पांचं स्टूल पायरीच्या जागेवर येणार. पायरीचा एक आकडा फार घट्ट बसतो, तो शनिवारपर्यंत कानशीने घासून सैल करायचा आहे.