पाटी खिळ्यावर टेकेपर्यंत

वाईतल्या एका गल्लीत चित्रित झालेला ९६ फ्रेम्सचा शॉट माझ्याकडे आला. लघुपटाची गोष्ट १९६० च्या आसपासची, आणि वाड्याच्या भिंतीवर चकचकीत फ्लेक्स. तो झाकून तिथे पत्र्याची जुनी पाटी लावायची होती. कॅमेरा हातात धरून चालत घेतलेला. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकिंग केलं, म्हणजे फुटेजमधल्या बिंदूंवरून कॅमेऱ्याची हालचाल काढली. या हिशेबातली (सॉल्व्हमधली) सरासरी चूक ०.४ पिक्सेल आली. पाटीचं चित्र प्लेन, म्हणजे सपाट चौकोन, करून भिंतीवर टेकवलं तर ती जागची हलत नव्हती. तीच पाटी न्यूकमध्ये, म्हणजे चित्रांचे थर एकत्र जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, न्यायला मात्र मला तीन दिवस लागले.

कॅमेरा अलेम्बिक फाइलमधून (थ्रीडी गोष्टी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेणारी फाइल) आणला आणि पाटीची जागा, फिरकी, आकार हे आकडे न्यूकच्या कार्ड नोडमध्ये, म्हणजे तिथल्या सपाट चौकोनात, हाताने भरले. पाटी भलत्याच ठिकाणी आडवी पडली, शिवाय निम्म्या आकाराची दिसायला लागली. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड असते, न्यूकमध्ये वाय. अलेम्बिक काढताना हा बदल आपोआप होतो, हाताने भरलेल्या आकड्यांना तो कोण करणार? आकाराचंही तसंच. ब्लेंडरमध्ये आणलेलं चित्र मुळात १ युनिट उंच असतं, न्यूकचं कार्ड १ युनिट रुंद. माझी पाटी उंचीच्या दुप्पट रुंद होती, म्हणून निम्मी झाली.

आकडे जुळवत बसण्यापेक्षा प्लेनची जाळीच (त्याचा थ्रीडी आकार) कॅमेऱ्याबरोबर अलेम्बिकमध्ये काढली आणि न्यूकच्या रीडजिओ नोडने उघडली. यूव्ही, म्हणजे चित्र जाळीवर कुठे बसवायचं याचे आकडे, जाळीबरोबर येतात, त्यामुळे पाटीचं चित्र नुसतं जोडायचं. पहिल्या फ्रेमला पाटी जिथल्या तिथे होती. माझ्या मते प्लेन न्यायचा हाच सरळ मार्ग, एकच पाटी असली तरी.

पण प्ले केलं आणि पाटी हळूहळू सरकू लागली. भिंतीत एक गंजका खिळा होता, त्यावर पाटीचा डावा कोपरा टेकायला हवा होता. दहाव्या फ्रेमला तो खिळ्यावर, पन्नासाव्याला किंचित पुढे, शेवटी तर खिळा पूर्ण उघडा. दोन दिवस मी सॉल्व्हला दोष देत ट्रॅकर्स (ट्रॅकिंगचे बिंदू) पुसत राहिलो. मग लक्षात आलं की चूक सारखी नाही, वाढत जाते आहे. सॉल्व्ह बिघडला असता तर पाटी ब्लेंडरमध्येही हलली असती. अशी एका चालीने वाढणारी चूक बहुधा वेळेची.

फुटेज २५ एफपीएसचं (सेकंदाला २५ फ्रेम्स) आणि न्यूकचा प्रोजेक्टही २५ वर. ब्लेंडरचा सीन मात्र मूळच्या २४ वरच राहिला होता, कारण क्लिप उघडल्याने किंवा ‘सेट सीन फ्रेम्स’ हे बटण दाबल्याने एफपीएस बदलत नाही. अलेम्बिक वेळ सेकंदांत लिहितं. ब्लेंडरची ९६ वी फ्रेम म्हणजे ४ सेकंद, आणि न्यूकमध्ये ४ सेकंद म्हणजे १०० वी फ्रेम. चालत्या कॅमेऱ्याला चार फ्रेम्सचा फरक केवढा मोठा! सीन २५ वर करून पुन्हा एक्स्पोर्ट केलं आणि कोपरा खिळ्यावर बसला.

शेवटच्या दहाएक फ्रेम्समध्ये, पाटी चौकटीच्या कडेला जाते तिथे, थोडा फरक उरला. मध्यावर नाही, फक्त कडेला, म्हणजे लेन्सचा वाक. ट्रॅकिंगच्या वेळी ब्लेंडरने तो हिशेबात धरला होता, पण अलेम्बिकच्या कॅमेऱ्याबरोबर तो आला नाही. ब्लेंडरच्या कंपॉझिटरमधून त्या वाकाचा एसटी-मॅप (कुठला पिक्सेल कुठे सरकवायचा याचा नकाशा) ३२ बिट ईएक्सआर फाइलमध्ये काढला आणि न्यूकमध्ये पाटीच्या रेंडरवर लावला. मूळ प्लेटला, म्हणजे चित्रित फुटेजला, हात लावला नाही. प्लेट सरळ करून पुन्हा वाकवली की चित्र मऊ पडतं, आणि त्या जुन्या विटांचा पोत मला घालवायचा नव्हता.

आता ९६ च्या ९६ फ्रेम्समध्ये कोपरा खिळ्यावर आहे. आज पाटीची सावली आणि ग्रेन (फुटेजमधला बारीक रवाळपणा) जुळवायला घेतलं आहे.