अर्ध्या तिकिटानं नोकरी मिळते का?

आमच्या शिवणकाम प्रशिक्षण केंद्रात पाहुणे आले, की चहा संपेपर्यंत एक प्रश्न हमखास येतो. कधी बँकेतले साहेब विचारतात, कधी देणगी द्यायला आलेले काका, कधी माझी स्वतःची नणंद. "बायकांना एसटीत अर्धं तिकीट केलं, त्यानं कुणाला नोकरी लागली का हो? उगाच फिरणं वाढलं आणि महामंडळावर बोजा." परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हो, लागली. आणि लागण्यापेक्षा टिकली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

नाशिकच्या पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यांवरून आमच्याकडे मुली येतात. बारावी झालेल्या, काही दहावीतच थांबलेल्या, काही लग्न होऊन पदरात मूल असलेल्या. जुकी (कारखान्यातलं वेगवान शिलाई मशीन) आणि ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवणारं मशीन) हाताखाली आलं, की जवळच्या कारखान्यांत काम मिळतं. सुरुवातीचा पगार नऊ-दहा हजार. त्यातून भाडं किती जातं, ते आधी बघा.

साध्या एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर एका टप्प्याला साधारण दहा रुपये पडतात. गाव 24 किलोमीटरवर असेल तर चार टप्पे, म्हणजे जायला 40 आणि यायला 40. महिन्याचे 26 दिवस कामाचे धरले तर 2,080 रुपये. नऊ हजारांतून एवढे गेले, वर डबा, मोबाईल आणि मुलाला सांभाळणाऱ्या जावेच्या हातावर काहीतरी, की घरात विचारतात, "मग जातेस कशाला?"

तुम्ही म्हणाल, मासिक पास असतोच की. असतो, आणि योजना चांगली आहे. 20 दिवसांचं भाडं भरा, 30 दिवस फिरा. आमच्या उदाहरणात 1,600 रुपये. पण ते एकरकमी आणि महिन्याच्या सुरुवातीला. पहिला पगार हातात यायला तीस-चाळीस दिवस असताना हे सोळाशे आणायचे कुठून? नवऱ्याकडे मागायचे, सासऱ्यांकडे मागायचे. ज्या घरात बाईनं बाहेर पडावं की नाही यावरच अजून एकमत नाही, तिथे पैशांच्या निमित्तानं तो सगळा विषय पुन्हा चर्चेला येतो.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट देणारी महिला सन्मान योजना आली आणि हे गणितच बदललं. आता रोजचे 40 रुपये लागतात, महिन्याचे 1,040. पासापेक्षा कमी, आणि एकदम भरायचे नाहीत. आमची एक विद्यार्थिनी सकाळी आली की तिकीट नीट घडी करून मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवते. मी एकदा विचारलं, सांभाळून काय करतेस? म्हणाली, "मॅडम, घरी दाखवते. वीसच रुपये लागले म्हणून. सोळाशे म्हटलं असतं तर सासूबाई नाहीच म्हणाल्या असत्या. वीस रुपयांना कोण नाही म्हणणार?" ते वीस ती शेजारणींचे ब्लाउज शिवून स्वतःच काढते. कुणाकडे मागत नाही. माझ्या लेखी या योजनेची खरी कमाई ही आहे.

बोजाचं म्हणाल, तर सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला प्रतिपूर्ती म्हणून देतं. ती वेळेवर मिळावी, हा आग्रह आपण सगळ्यांनीच धरायला हवा, कारण डिझेल आणि पगार थांबले तर गाड्याही थांबतात. आणि 'उगाच फिरणं' हा शब्द मला लागतो. आजारी आईला भेटायला जाणं, तालुक्याला दाखला काढायला जाणं, कारखान्यात चौकशीला जाणं, यातलं उगाच कुठलं? पुरुष फिरले की कामाला गेले म्हणतात.

एसटी नसली की काय होतं, तेही आम्ही पाहिलं. 2021 च्या नोव्हेंबरापासून 2022 च्या एप्रिलपर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. त्यांच्या पगाराच्या मागण्या मला रास्त वाटत होत्या, आजही वाटतात. पण त्या काळात आमचा वर्ग निम्मा रिकामा झाला. मुली काळीपिवळीनं, म्हणजे खाजगी वडापच्या गाडीनं यायला बघायच्या. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही, आणि कारखान्याच्या गेटवर उशीर झाला की अर्धा दिवस कापला जातो. त्यावेळी गेलेल्या सगळ्या जणी परतल्या नाहीत. काहींची दरम्यान लग्नं झाली.

आता सवलत कुठे तोकडी पडते, तेही सांगायला हवं. अर्धं तिकीट एसटीचं आहे, शहरांच्या स्वतःच्या बससेवांना ते लागू नाही. गावाहून नाशिकला वीस रुपयांत आलेली मुलगी सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यांकडे जायला पुन्हा सिटीलिंकचं, म्हणजे नाशिकच्या शहर बसचं पूर्ण तिकीट काढते, नाहीतर शेअर रिक्षा करते. शेवटच्या पाच-सात किलोमीटरला कधी कधी आधीच्या चोवीस किलोमीटरपेक्षा जास्त पैसे लागतात.

दुसरं, वेळ. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस आमच्या भागातल्या शाळकरी मुलींना मोठा आधार आहेत. बारावीपर्यंतच्या कितीतरी मुली त्यांच्यामुळे शिकल्या. पण त्यांच्या फेऱ्या शाळेच्या घंटेवर बेतलेल्या. कारखाना सुटतो संध्याकाळी साडेसहाला, आणि पाड्याकडची शेवटची गाडी तोवर गेलेली असते. तिकीट अर्धं करा, पाव करा, गाडीच नसेल तर फुकटाचाही उपयोग नाही. कर्नाटकात जून 2023 पासून आणि तेलंगणात त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून राज्यातल्या बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत आहे, मग आपल्याकडे का नको, असं मुली मला विचारतात. मला विचाराल तर मी आधी संध्याकाळी सातची गाडी मागेन.

ती मागता येते, हेही अनुभवानं सांगते. आम्ही गावनिहाय यादी केली: कुठल्या थांब्यावर किती जणी, कामावर पोचायची वेळ, सुटायची वेळ. तीन ग्रामपंचायतींचे ठराव जोडले आणि आगार व्यवस्थापकांना अर्ज दिला. एका मार्गावरची शेवटची गाडी पाऊण तास उशिरा सुटायला लागली. दुसऱ्या मार्गावर ते जमलं नाही, तेव्हा तिथल्या एका कारखानदारांनी बायकांच्या पाळीची सुरुवात आणि सुटी दोन्ही अर्धा तास अलीकडे घेतली. त्यांचं काही अडलं नाही.

राहतो पहिला महिना. सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्यांना महिन्याला 6,000, आयटीआय किंवा पदविकावाल्यांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन आहे. पण विद्यावेतन काय आणि पगार काय, महिना भरल्यावर खात्यात येतो, कंडक्टरला मात्र पहिल्या दिवसापासून पैसे द्यावे लागतात. काम सोडणाऱ्या बऱ्याच जणी याच महिन्यात सोडतात. विचारलं तर "घरी अडचण आहे" एवढंच सांगतात.

तुम्ही देणगीतून दोन मशीन देऊ का म्हणाला होतात. मशीन आहेत आमच्याकडे. त्याऐवजी नोकरीला लागणाऱ्या मुलींच्या पहिल्या महिन्याच्या भाड्यासाठी रक्कम द्या. एकीला साधारण हजार-अकराशे रुपये पुरतात, तेही आम्ही आठवड्याच्या आठवड्याला देऊ. पगार झाला की ती परत करेल आणि ते पैसे पुढच्या मुलीला जातील. हिशोबाची वही आमच्या टेबलावर असेल, कधीही येऊन बघा.