नव्वद टक्के कशाचे?

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आत्याचा फोन आला. "संध्याकाळी ये. एकटीच ये." मांजलपूरहून दांडिया बाजारात पोचेपर्यंत मनात नाही नाही ते येऊन गेलं. दार तिनेच उघडलं, आतून कडी घातली आणि कपाटातल्या साड्यांच्या घडीखालून एक फाईल काढून माझ्यापुढे ठेवली. तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली होती. एकटीच रिक्षा करून सर्जनकडे गेली, सुईने तुकडा काढून घेतला, घरात कुणाला कळू दिलं नाही.

"अगं, यात नव्वद टक्के लिहिलंय. म्हणजे नव्वद टक्के पसरलाय ना?"

रिपोर्टवर आमच्याच लॅबचं नाव होतं. सवयीने माझी नजर आधी ब्लॉक नंबरवर गेली. तो नंबर मी मंगळवारी पेन्सिलने चार स्लाइडांवर घातला होता. आमच्या टेबलावर मेणाचा ब्लॉक येतो आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नंबर, अवयव आणि कुठले मार्कर लावायचे ते. पेशंटचं नाव नसतं. मार्कर म्हणजे कॅन्सरच्या पेशीत शोधायची प्रथिनं: ईआर (इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला ओळखणारं), पीआर, हर-टू, केआय-६७. त्या चारही स्लाइडांवर अँटीबॉडी मीच घातली होती, आणि ती आत्याची आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "आत्या, पसरण्याशी याचा काही संबंध नाही. या कागदावरची ही सगळ्यात चांगली ओळ आहे."

तिचा विश्वास बसला नाही. आणि का बसावा? 'कॅन्सर' आणि 'नव्वद टक्के' एका कागदावर दिसले की कुणीही तेच समजेल. बडोद्यात हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे तपासायच्या कामात, मला बावीस वर्षं झाली. या काळात रिपोर्ट घ्यायला आलेल्या किमान पन्नास माणसांनी खिडकीपाशी हाच प्रश्न केला असेल. तेव्हा आत्याला त्या संध्याकाळी जे सांगितलं, ते इथे जरा सविस्तर लिहिते.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो कुजू न देणाऱ्या द्रावणात, पक्का होतो, मग मेणात बसतो. त्याचे मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काढायचे, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण विसावा हिस्सा. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात पेशींचा आकार दिसतो, कॅन्सर आहे की नाही ते बहुतेक वेळा तिथेच कळतं. पण त्या पेशीत कुठलं प्रथिन आहे आणि नेमकं कुठे बसलंय, हे त्या रंगात दिसत नाही. त्यासाठी अँटीबॉडी लागते. ती एकाच प्रथिनाला ओळखते आणि त्यालाच जाऊन चिकटते. ही बिनरंगी असते, म्हणून तिच्यावर दुसरी चढवायची, जिच्या अंगावर एक एन्झाइम बांधलेलं असतं. हे एन्झाइम हॉर्सरॅडिश नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका तिखट मुळापासून काढतात. त्यावर शेवटी डॅब नावाचं रसायन घातलं की जिथे एन्झाइम तिथेच तपकिरी साका बसतो. इकडे तिकडे वाहत नाही. सगळी करामत या न वाहण्यात आहे.

आत्याच्या ईआरच्या स्लाइडवर कॅन्सरच्या शंभर पेशी मोजल्या तर साधारण नव्वदांचं केंद्रक तपकिरी होतं. म्हणजे त्या पेशी इस्ट्रोजेन ओळखतात, त्यावर वाढतात, आणि म्हणूनच इस्ट्रोजेनची वाट अडवणारी गोळी त्यांच्यावर चालते. एक टक्का केंद्रकं रंगली तरी पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहाच्या मध्ये असेल तर 'लो पॉझिटिव्ह' असं वेगळं लिहितात. नव्वद म्हणजे भरघोस.

मला स्वतःला या कामात सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'कुठे' हा शब्द. नवीन मुली येतात त्या तपकिरी दिसलं की खूश होतात. मी त्यांना आधी विचारते, कुठे? ईआर असेल तर तपकिरी केंद्रकातच हवं. आजूबाजूच्या पेशीरसात पसरलं असेल तर तो डाग मोजायचा नाही. हर-टू असेल तर उलट, पेशीच्या कडेने बारीक रेघ हवी. ३+ असेल तर पेशी न् पेशी ठसठशीत वर्तुळ होऊन दिसते, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी. २+ ला नक्की सांगता येत नाही, मग तुकडा फिश नावाच्या, जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासणीला जातो. आत्याचा हर-टू १+ होता, म्हणजे निगेटिव्ह. रंग तोच, थेंब तसाच, पण जागा चुकली तर अर्थ चुकतो.

जागा चुकवणारी कारणं मी हळूहळू शिकले. पहिल्याच वर्षी मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला होता. बडोद्याचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. स्लाइड ओल्या कागदावर, झाकणाच्या डब्यात ठेवून अँटीबॉडी घालतात. मी डब्यातला कागद पुन्हा ओला केला नाही. दुपारनंतर बघते तर तुकड्याच्या चहुबाजूंनी गडद तपकिरी किनार, साडीच्या काठासारखी, आणि मध्ये फिकट. कडा सुकल्या होत्या. सुकल्या जागी अँटीबॉडी नुसतीच अडकून बसते, ओळख-बिळख काही नाही. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर काही बोलले नाहीत, स्लाइड माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बेन, यातलं खरं कुठलं ते तुम्हीच सांगा." सगळी बॅच पुन्हा केली. तेव्हापासून उन्हाळ्यात मी दर वीस मिनिटांनी झाकण उचलून बघते.

रक्ताचीही तीच गत. तांबड्या पेशींत मूळचंच डॅबला तपकिरी करण्याची ताकद असते, म्हणून आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ती मारून टाकावी लागते. ती पायरी सुटली तर रक्त साचलेली जागा पॉझिटिव्हसारखी दिसते.

आणि कुकर. आमच्या लॅबमध्ये स्वयंपाकघरातल्यासारखा प्रेशर कुकर आहे, फक्त त्यात डाळीऐवजी सायट्रेट बफर असतो, पीएच ६. फॉर्मॅलिनमुळे प्रथिनांना प्रथिनं जखडली जातात आणि अँटीबॉडीला धरायची जागाच झाकली जाते; बफरमध्ये उकळलं की ती उघडते. १९९१ मध्ये शी नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोवेव्हमध्ये स्लाइड तापवून हे दाखवलं. त्याआधी अनेक अँटीबॉडी मेणाच्या तुकड्यांवर चालतच नसत. नुसतं उकळण्याने एवढं बदलतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

मूळ कल्पना तर त्याहून जुनी. अल्बर्ट कून्स नावाचे अमेरिकन डॉक्टर १९३९ च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये होते. संधिवाताच्या तापात शरीरात जंतूचा अंश नेमका कुठे असतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. अँटीबॉडीलाच रंग बांधला तर ती जाऊन बसेल ती जागा दिसेल, असं त्यांना तिथे सुचलं. हार्वर्डला परत आल्यावर १९४१ मध्ये त्यांनी न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूला ओळखणाऱ्या अँटीबॉडीला चमकणारा रंग बांधून ते करून दाखवलं. पण चमक बघायला वेगळा मायक्रोस्कोप लागे. १९६६ मध्ये पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स या शास्त्रज्ञांनी रंगाऐवजी एन्झाइम बांधलं, आणि माझ्यासारखीला साध्या दिव्याच्या मायक्रोस्कोपवर हे काम करता येऊ लागलं.

आता एक गोष्ट, जी आत्याला सांगितली नाही. सहा-सात वर्षांपूर्वी एका नर्सिंग होममधून सोमवारी सकाळी स्तनाची गाठ आली. बाटलीत फॉर्मॅलिन नव्हतं, सलाइन होतं. ऑपरेशन शनिवारी झालेलं. दोन रात्री ती गाठ नुसत्या मिठाच्या पाण्यात पडून होती. वास आलाच. तरी आम्ही केलं. ईआर कोरा. एकही केंद्रक तपकिरी नाही. चिठ्ठीवर 'निगेटिव्ह' लिहून मोकळं होता आलं असतं, कारण त्याच ट्रेमधली कंट्रोलची स्लाइड, जी पॉझिटिव्ह आहे हे आम्हाला आधीच माहीत असतं, ती व्यवस्थित रंगली होती. पण त्या गाठीच्या शेजारीच स्तनातल्या दुधाच्या दोन-तीन निरोगी नळ्या होत्या. निरोगी नळ्यांत थोड्या तरी पेशी ईआरला रंगतात. त्याही कोऱ्या होत्या. म्हणजे तुकडाच मेलेला होता, त्यात ओळखायला काही उरलंच नव्हतं.

सरांनी रिपोर्ट सही केला नाही. सर्जनना फोन केला, ऑपरेशनआधी सुईने काढलेला तुकडा कुठे आहे ते शोधलं, तो ब्लॉक मागवला. तो नीट फॉर्मॅलिनमध्ये गेलेला होता. मी रात्री साडेआठपर्यंत थांबून स्लाइड केली. डॅब घातल्यावर मायक्रोस्कोपखाली दोनेक मिनिटं काहीच नसतं, फिकट पिवळट पाणी, आणि मग एकेक केंद्रक उमटायला लागतं, तव्यावरच्या भाकरीला पुटकुळ्या याव्यात तसं. त्या रात्री ती उमटली. ऐंशी टक्क्यांच्या वर. त्या बाईंना आम्ही निगेटिव्ह म्हटलं असतं तर गोळी मिळालीच नसती. त्या कोण, कुठल्या, मला कधीच कळलं नाही. मला चीड येते ती इतक्या साध्या गोष्टीची: गाठ काढल्यावर तासाभरात दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालायची आणि त्यात ठेवायची, सहा तासांपेक्षा कमी नाही आणि बहात्तर तासांपेक्षा जास्त नाही. फॉर्मॅलिनची बाटली काही महाग नसते. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन असेल तर "गाठ कशात ठेवलीत?" एवढं विचारा. कुणाला राग आला तर येऊ दे.

आत्याने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "मला ते बघायचंय." सरांना विचारलं, ते हो म्हणाले. बुधवारी ती इरकल नेसून लॅबमध्ये आली, सोबत मोठा मुलगा. त्याला एव्हाना सांगितलं होतं. आमच्याकडे दोन माणसांनी एकाच वेळी बघायचा मायक्रोस्कोप आहे. सर एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मी मागे. तिने चष्मा काढला, पुन्हा लावला, डोळा जमेपर्यंत बराच वेळ गेला.

"नाचणी सांडल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

सर म्हणाले, "ते तपकिरी दाणे म्हणजे गोळीला ऐकणाऱ्या पेशी."

ती पाहत राहिली. मग तिने डोळा न काढताच विचारलं, "आणि हे मधले मधले निळे?"

निळा रंग हिमॅटॉक्सिलिनचा. ज्या केंद्रकांना तपकिरी बसलं नाही, ती निळी राहतात. सरांनी तसं सांगितलं.

"म्हणजे ते बाकीचे दहा. त्यांचं काय करायचं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, की आधी ऑपरेशन होईल, गाठच निघेल, आणि गोळीशिवाय आणखी काही द्यायचं का ते कॅन्सरचे डॉक्टर सगळं मिळून ठरवतील. हा प्रश्न त्यांना जरूर विचारा. आत्याने पर्समधून पेन काढलं, फाईलच्या पाठीवर मराठीत लिहिलं, 'निळ्या दहांचं काय?', खाली दोन रेघा मारल्या, आणि पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला.